बारावीनंतरचा एक चुकलेला सल्ला



या विषयावर लिहायचं बरेच दिवस मनात आहे, पण दरवेळी अर्धं पान लिहून सोडून दिलं. विषय नुसता सरकारी धोरणाचा असता तर एका बैठकीत लिहून झाला असता. पण यात माझी स्वतःची एक चूक आहे, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांत लाल रेघा मारलेल्या माणसाला आपली चूक कबूल करायला जरा वेळ लागतो.

गोष्ट मार्च २०२४ ची. एका संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. खालापूर तालुक्यात एका कारखान्यात तो कामाला आहे. बरोबर त्याची मुलगी. तिची बारावी कॉमर्सची परीक्षा संपत आली होती. पोरगी बोलायला धीट, हिशेबाला पक्की. तिला बीएमएस करायचं होतं. घरापासून अर्ध्या तासावरच्या कॉलेजात तो कोर्स होता, आणि तिची मावसबहीण तिथूनच शिकून पनवेलला नोकरीला लागली होती. सगळं ठरल्यासारखंच होतं. बापाने फक्त खात्री करायला विचारलं, "सर, आत्तापासून काही करायला हवं का?"

मी म्हणालो, "अरे, कसली घाई? निकाल लागू दे. गुणपत्रिका घेऊन जायचं आणि फॉर्म भरायचा. हिला इथे कोण नाही म्हणणार?"

चहा झाला, जुन्या गप्पा झाल्या, जाताना दोघेही पाया पडले.

मी काही मनाचं सांगितलं नव्हतं. आदल्या वर्षापर्यंत तसंच होतं. पण डिसेंबर २०२३ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एआयसीटीईने, बीबीए, बीसीए, बीएमएस असे कोर्स आपल्या कक्षेत घेतले, आणि २०२४ च्या प्रवेशांसाठी राज्यात त्यांना सीईटी लागू झाली. फॉर्म मार्च-एप्रिलमध्ये भरून घेतले. म्हणजे माझ्या ओटीवर चहा पीत मी "कसली घाई" म्हणत होतो, नेमक्या त्याच दिवसांत. बारावीचा निकाल २१ मे रोजी लागला आणि सीईटी २९ मे रोजी झालीसुद्धा. जूनमध्ये ती गुणपत्रिका घेऊन कॉलेजात गेली तेव्हा खिडकीतल्या माणसाने विचारलं, "सीईटीचा स्कोअर?"

तिला वाटलं, आपण चुकीच्या खिडकीवर आलो.

संध्याकाळी तिच्या बापाचा फोन आला. आवाजात राग अजिबात नव्हता, आणि मला त्याचंच जास्त लागलं. "सर, काही परीक्षा होती म्हणे, तुम्हाला माहीत होतं का?" नव्हतं. मी रोज दोन वर्तमानपत्रं वाचणारा माणूस. बातमी आली असणार, माझ्या नजरेतून सुटली असणार, किंवा वाचूनही "हे आपल्याकडे नाही" असं वाटून मी पान उलटलं असणार.

पुढचा भाग ऐका. जागा भराव्यात म्हणून ऑगस्टमध्ये पुन्हा एक जादा सीईटी घेतली गेली, कारण पहिल्या परीक्षेला बसलेल्या मुलांपेक्षा राज्यातल्या जागाच कितीतरी जास्त होत्या. पण तोवर हिने बी.कॉम.ला नाव घातलं होतं, फी भरली होती, तास सुरू झाले होते. मी फोन केला तर तिचे वडील म्हणाले, "जाऊ दे सर, पोरगी रमलीय तिथे."

आता माझा पहिला प्रश्न. जिथे जागा जास्त आणि मुलं कमी, तिथे प्रवेश परीक्षा कशासाठी? रांग लावतात ती गर्दी असेल तिथे. रिकाम्या एसटीला कुणी रांग लावलेली मी तरी पाहिली नाही.

आणि त्या परीक्षेत असतं काय? इंग्रजी, तर्कक्षमता, सामान्य ज्ञान, थोडी संगणकाची ओळख. या मुलीने दोन वर्षं पुस्तपालन शिकलं, अर्थशास्त्र शिकलं, चिटणीसाची कार्यपद्धती पाठ केली. त्यातलं काही विचारायचं नाही. मग ती दोन वर्षं आणि बोर्डाची ती एवढी मोठी परीक्षा कशाला घेतली, असं मुलांनी विचारलं तर मास्तरांनी काय सांगायचं?

शहरातल्या काही कॉलेजांनी यावर झकास तोडगा काढला. त्यांनी कोर्सचं नाव बदललं. बीएमएस नको, बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज म्हणा. त्या नावाला सीईटी लागत नाही. एका पाटीला परीक्षा लागते आणि दुसऱ्या पाटीला लागत नाही, हे मी आमच्या हिला समजावून सांगत होतो. ती म्हणाली, "म्हणजे मुलगी तीच, कॉलेज तेच, पण दार वेगळं?" मला याहून चांगलं सांगता आलं नसतं.

असो. पण मंडळी, मी परीक्षेच्या विरुद्ध आहे असं कुणी समजू नये. बोर्डाचे गुण म्हणजे गंगाजल आणि सीईटी म्हणजे पाप, असं म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत तोंडी परीक्षेचे गुण शाळेच्या हातात आले तेव्हा मी स्वतः मुलांना ते सढळ हाताने दिले आहेत. शेजारची शाळा देते, मग आपल्या मुलांचं नुकसान का करायचं? असा विचार सगळ्यांनीच केला. २०१९ साली हे अंतर्गत गुण काढून टाकले तर दहावीचा निकाल एकदम ७७.१० टक्क्यांवर आला, आदल्या वर्षी तो ८९.४१ होता. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि निकाल ९५.३० झाला. २०२१ मध्ये करोनामुळे परीक्षाच झाली नाही, नववीचे गुण आणि शाळेने दिलेले गुण धरून निकाल लावला, तो ९९.९५ टक्के. आता अशा आकड्यांतून कुणाला कुठे प्रवेश द्यायचा ते कसं ठरवणार? म्हणून त्या वर्षी अकरावीसाठी २१ ऑगस्टला सीईटी जाहीर झाली. मुलांनी भर करोनात अभ्यास केला, आणि १० ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. अकरा दिवस आधी! निर्णयाची बाजू काहीही असो, त्या मुलांनी दोन महिने कशाची तयारी केली?

अकरावीच्या प्रवेशाची ही तऱ्हा जुनीच आहे. २००८ चं पर्सेंटाइल सूत्र, २००९ चं ९०:१०, २०१० चं बेस्ट फाइव्ह. दर जूनमध्ये काहीतरी नवीन, आणि दर जुलैमध्ये कोर्ट. (पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे पालकांना समजावता समजावता त्या काळात माझा घसा बसला होता. अजूनही कुणी "९० पर्सेंटाइल" म्हटलं की आजीआजोबा पेढे वाटायला निघतात.)

डॉक्टर-इंजिनिअरचं तर विचारू नका. वैद्यकीयसाठी राज्याची सीईटी होती, २०१३ ला नीट आली, त्याच जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, पुन्हा सीईटी आली. २०१६ साली न्यायालयाने आधीचा निर्णय मागे घेतला आणि मे महिन्यात, म्हणजे सीईटी देऊन झाल्यावर, मुलांना कळेना की आपली परीक्षा धरणार की नाही. शेवटी अध्यादेश काढून त्या एका वर्षापुरती राज्याच्या जागांना सूट दिली. इंजिनिअरिंगला २०१४ आणि २०१५ अशी दोन वर्षं जेईई मेन आणि बारावीचे गुण निम्मे निम्मे, २०१६ पासून परत सीईटी, २०१९ पासून ती संगणकावर. यातला प्रत्येक बदल करणाऱ्याकडे काही ना काही कारण होतं, आणि बरीचशी कारणं मला पटतातही. पण बदलाची बातमी दादरला ज्या दिवशी पोहोचते, त्या दिवशी ती कशेळ्याच्या पुढच्या वाडीवर पोहोचत नाही.

आमच्या न्यू जर्सीच्या पुतण्याशी यावर फोनवर बोलणं झालं. त्याच्या मुलीचंही तेव्हा कॉलेजचंच चाललं होतं. तिकडे २०२० मध्ये करोनामुळे बहुतेक कॉलेजांनी सॅट परीक्षा ऐच्छिक केली. मला वाटलं, बरं झालं, गरिबांच्या मुलांना सोपं झालं. तर तो म्हणाला, "काका, तसं नाही." एमआयटीने २०२२ मध्येच परीक्षा परत सक्तीची केली, आणि २०२४ मध्ये डार्टमथ, येल, हार्वर्डनेही. डार्टमथने अभ्यास केला तेव्हा असं दिसलं, की गरीब घरांतली काही मुलं आपले गुण कमी समजून कळवतच नव्हती, आणि कळवले असते तर ते त्यांच्या फायद्याचेच ठरले असते. श्रीमंताच्या मुलाकडे सांगायला पियानो असतो, पोहण्याचं पदक असतं, गरिबाच्या मुलाकडे ते गुणच काय ते असतात. उलट कॅलिफोर्निया विद्यापीठ आजही ते गुण बघत नाही. हे ऐकून माझं मत थोडं हललं, हे कबूल करतो. पण पुतण्याचीही एक तक्रार होतीच. हार्वर्डने आणखी काही वर्षं परीक्षा ऐच्छिक ठेवू असं आधी सांगितलं होतं, आणि एप्रिलमध्ये फिरवलं, त्याच वर्षी अर्ज करणाऱ्यांसाठी! फरक एवढाच की तिकडे सॅट वर्षातून अनेकदा होते. एप्रिलमध्ये कळलं तरी पुढच्या काही महिन्यांत देता येते. आमच्याकडे एक फॉर्म चुकला की वर्ष गेलं. आता २०२६ पासून इंजिनिअरिंगची सीईटी दोनदा घ्यायचं राज्याने ठरवलं, ते मला आवडलं.

मी स्वतः मॅट्रिक झालो ते १९६८ साली, अकरावी मॅट्रिक. पुण्याला मामांकडे राहून मराठी माध्यमातून बी.ए. केलं. प्रवेश म्हणजे काय, मामा बरोबर आले, ऑफिसातल्या कारकुनाने गुणपत्रिका उलटी-सुलटी करून पाहिली, फी घेतली, संपलं. ते दिवस फार चांगले होते असं म्हणत नाही. तेव्हा मॅट्रिकपर्यंत पोहोचणारीच मुलं मोजकी होती, आणि मुली तर त्याहून कमी. त्यामुळे दारात गर्दी नव्हती.

पण बोर्डाच्या परीक्षेत एक गोष्ट होती, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. बोर्डाचा फॉर्म शाळा भरते.

एका वर्षीची आठवण सांगतो. दहावीत एक कातकरी मुलगा होता. दिवाळीनंतर आई-बाप वीटभट्टीवर गेले तसा तोही गेला. बोर्डाचे फॉर्म पाठवायची तारीख जवळ आली, फॉर्मवर त्याची सही नाही, फोटो नाही. हेडसरांनी मला सांगितलं, "मास्तर, तुमच्या वर्गातला पोरगा, तुम्ही आणा." मी आणि शिपाई दोन सायकली घेऊन निघालो. दोन भट्ट्या फिरलो, तिसऱ्या भट्टीवर सापडला. अंगभर माती. बाप म्हणाला, "आता कशाला, उचल घेतलीय." मालकाशी बोललो, बापाशी बोललो, पोराला नदीवर अंघोळ घातली आणि नेरळला नेऊन फोटो काढला. शिपायाने आपला शर्ट त्याला घातला, तो फोटोत खांद्यावरून उतरलेला दिसतो. तो पहिल्या फटक्यात पास झाला नाही, गणित राहिलं, ते ऑक्टोबरमध्ये सुटलं. पुढे आयटीआय करून नोकरीला लागला. हे मी काही मोठं केलं असं नाही, असे किस्से आमच्या पिढीतल्या प्रत्येक वर्गशिक्षकाकडे निघतील. सांगायचा मुद्दा हा, की त्या फॉर्मसाठी कुणाला तरी जाब विचारला जायचा. एक पोरगा राहिला तर हेडसर विचारायचे, का राहिला?

सीईटीच्या फॉर्मसाठी कोण विचारतं? मार्चमध्ये बारावीचे तास संपलेले असतात. शिक्षक पेपर तपासण्यात गुंतलेले. मुलगा घरी. फॉर्म त्याने भरायचा, मोबाइलवर किंवा सायबर कॅफेत. फोटो इतक्या केबीचा, सही तितक्या केबीची, ओटीपी बापाच्या फोनवर आणि बाप कंपनीत, फोन गेटवर जमा. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, त्याच्या तारखा वेगळ्या. फॉर्मचे पैसे, कॅफेवाल्याचे वेगळे. ज्याच्या घरात कुणी आधी हे केलं आहे, किंवा ज्याने क्लास लावला आहे, त्याचं सगळं होतं. क्लासवाले तारखा बरोबर सांगतात, त्याचेच तर ते पैसे घेतात. म्हणजे परीक्षा द्यायच्या आधीच एक परीक्षा होते आणि तिचा निकाल कुठे लागत नाही. त्यात नापास झालेली मुलं कोणत्याच आकडेवारीत दिसत नाहीत, कारण ती परीक्षेला बसलेलीच नसतात.

आणि बसायचं तरी सोपं असतं का? २०२२ साली सीईटी ऑगस्टमध्ये झाली. शेजारच्या मुलाचं केंद्र नवी मुंबईत आलं, सकाळचं सत्र. पावसाचे दिवस, लोकलचा भरवसा नाही, म्हणून आदल्या रात्रीच कळंबोलीला त्यांच्या एका नातेवाइकांकडे जाऊन झोपलो, तो, त्याचे वडील आणि मी. मी कशाला गेलो म्हणाल, तर त्याच्या आईला वाटलं सर बरोबर असले की पोराला धीर येईल! सरांना स्वतःलाच धीर नव्हता. तीन तासांत दीडशे प्रश्न, गणिताचे इंग्रजीतून. बाहेर आल्यावर पोरगा म्हणाला, "सर, येत होतं, पण पहिली दहा मिनिटं माऊसच हातात बसेना." घरी संगणक नाही, कॉलेजातले संगणक झाकलेले. माझ्या खिशात त्याच्यासाठी नेलेली दोन पेनं होती, एक निळं, एक काळं. ती तशीच परत आणली.

आमच्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांत इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. तिथे शहरातली मुलं रोज लोकलने शिकायला येतात. आणि आमच्या मुलाने त्या कॉलेजात जाण्याची परीक्षा द्यायला शहरात जायचं. हे मला अजून नीट कळलेलं नाही.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो, पटलं नाही तर खुशाल भांडा. नियम बदला, जरूर बदला, पण जो मुलगा यंदा अकरावीला जातोय त्याला पहिल्या दिवशी सांगा की दोन वर्षांनी तुला काय द्यायचं आहे. मधे बदलू नका. जिथे जागा रिकाम्या राहतात तिथे बारावीचे गुण पुरे माना. आणि सीईटीचा फॉर्म बोर्डाच्या फॉर्मसारखा ज्युनिअर कॉलेजनेच भरून घ्यावा, डिसेंबर-जानेवारीत, मुलं वर्गात असताना. त्याला काही फार खर्च नाही. वर्गशिक्षकाकडे यादी असते, कोण राहिलं ते दिसतं. शिक्षकांवर आणखी एक काम, असं म्हणणारे म्हणतील. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने तर फोनवरच सुनावलं, "तुम्ही रिटायर झालात म्हणून सुचतंय." खरं आहे त्याचं. जनगणना, निवडणूक, पोषण आहार, सगळं त्यांच्याच माथी असतं. तरीही मला वाटतं, यातलं एखादं काम काढून घ्या आणि हे द्या. हे निदान शाळेचं तरी आहे.

ती मुलगी आता बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या गणपतीत दर्शनाला आली होती. अभ्यास चांगला चाललाय, टॅलीचा कोर्सही केला म्हणाली. बीएमएसचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. प्रसाद घेताना एवढंच म्हणाली, "सर, माझ्या धाकट्या भावाला दहावी झाली की तुमच्याकडे पाठवते." मी हो म्हणालो, पण तिला खरंच पाठवायचं आहे की मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, ते काही कळलं नाही.

तेव्हापासून मी एक दोनशे पानी वही केली आहे. कुठली परीक्षा, फॉर्म कधी सुटतो, कधी बंद होतो, कागद कोणते लागतात. नातू दर पंधरा दिवसांनी वेबसाइट बघून मला सांगतो आणि मी पेन्सिलीने लिहितो. पेनने लिहिलेलं फार खोडावं लागतं. जानेवारीपासून आठ-दहा मुलं येऊन गेली. मागच्या रविवारी कडावकडचा एक मुलगा आला, बारावी सायन्सचा. ओटीवर बसल्या बसल्या म्हणाला, "सर, मागच्या वर्षीचंच आहे ना सगळं?"

मी तोंड उघडलं होतं. मग म्हटलं, "थांब, चष्मा आणतो. आधी वही बघू दे."